अर्धा तास

माझं काम म्हणजे नुसतं पाहणं.
खांब ठोकण्याआधी अर्धा तास
चार दिशांना चार होड्या, चार दुर्बिणी,
आणि गप्पा बंद.

माझ्या वाट्याला पूर्व आलीय. म्हणजे घर.
ती धुरकट रेघ फांगयुआनची.
त्या रेघेत कुठेतरी वडील आत्ता
ओहोटीच्या चिखलात बैलगाडी घालत असतील,
कालवं आणायला.
बैलाचं नाव जनरल. गुडघाभर समुद्रात
तो माझ्यापेक्षा शांत उभा राहतो.

आमच्या गावात वाऱ्याला
कुणी चांगलं म्हटलेलं मला आठवत नाही.
नवव्या महिन्यात तो उत्तरेकडून उतरतो.
भातात वाळू, दातात वाळू, उशीच्या अभ्य्रात वाळू.
झाडं सगळी एका अंगाला कललेली,
जशी कुणीतरी हाक मारली आणि
वळायचं राहून गेलं.
धाकट्या काकाची होडी त्यानेच नेली.
काकू अजून खिडकीला
आतून दोन कड्या लावते.

आणि आता हेल्मेट घातलेले लोक येतात,
त्याची उंची विचारतात, ताकद विचारतात,
स्थळ बघायला आल्यासारखे.
"जन्मभर शिव्या खाल्ल्या बिचाऱ्याने," वडील म्हणाले,
"म्हातारपणी भाव आला."

देवळासमोरच्या सभेत कंपनीने पडद्यावर
किती लाख दिवे ते दाखवलं.
मी दिवे मोजले नाहीत.
मी उत्तरेकडच्या कोळशाच्या चिमण्या मोजत होते,
कारण माझा बो-युआन सहा वर्षांचा आहे
आणि रात्री त्याच्या छातीत कुणीतरी
बारीक शिट्टी वाजवतं.

शेवटी वडील उठले.
"वाऱ्याला जुंपताय, जुंपा.
पण जू ठेवण्याआधी
त्याच्या कपाळावर हात ठेवलात का?"
दुभाषी मुलगी अडखळली.
तिने काय सांगितलं कोण जाणे.
डेन्मार्कच्या मोगेन्सने मात्र वहीत काहीतरी लिहिलं,
आणि त्याखाली रेघ ओढली.

तेविसावं मिनिट.
समुद्राच्या तळाशी नळ्यांचं कडं टाकलंय,
त्यातून बुडबुडे उठतायत, गोल भिंतीसारखे,
आवाज आतल्या आत कोंडायला.
पाण्याने पाण्याला घातलेलं कुंपण.
हातोडा वर लटकलाय, आमच्या देवळापेक्षा मोठा.
जहाजाचं तासाचं भाडं मला सांगू नका,
असं मी सगळ्यांना बजावून ठेवलंय.

सव्विसावं.
एक लाट मोडली नाही.
मग पुन्हा तीच लाट. गुलाबीसर. तिला पाठ होती.
तिच्या कुशीला करडं पिल्लू.

गावात यांना देवीचे मासे म्हणतात,
तिसऱ्या महिन्यात तिच्या वाढदिवसाला येतात म्हणे.
आज कसला वाढदिवस नव्हता.
माझा घसा कोरडा, बटणावर अंगठा.
"थांबा."

रेडिओवर खरखर.
मग मोगेन्स, थकलेला: "किती वेळ?"
त्या निघून जाईपर्यंत.
त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून अर्धा तास.

तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.
वाऱ्याने माझी टोपी उडवली.
एकशेचार माणसं एका पिल्लाचा
खेळ संपण्याची वाट बघत राहिली.
त्यातल्या कितीजणांची मुलं रात्री खोकतात,
हेही मी विचारलं नाही.

सव्वादोनला हातोडा पडला.
तो कानाने ऐकू येत नाही आधी,
बुटांच्या तळव्यांतून पोटरीत चढतो.

संध्याकाळी वडील अंगणात कालवं फोडत होते.
मान वर न करता म्हणाले,
"दुपारी जनरल मधेच थांबला. सव्वादोनच्या सुमाराला.
पाण्याकडे बघत राहिला."

मग?

"मग काय.
मी कपाळावर हात ठेवला. चालायला लागला."

आत बो-युआन झोपला होता.
मी दाराशी उभी राहून
त्याचा श्वास ऐकत राहिले, अर्धा तास.