गळती

माझं काम एवढंच: फुगा शोधायचा.
अंबडची शेड, तिसरी पाळी,
साबणाचं पाणी, रंगाचा इंचभर ब्रश
आणि सातशे बारच्या टाकीची मान.
हायड्रोजनला वास नाही, रंग नाही,
भर दुपारी पेटला तर ज्वाळही दिसत नाही.
घरच्या सिलिंडरमध्ये कुणीतरी
कुजका वास तरी घालून ठेवतं
आपल्यावर दया म्हणून.
इथे तेही चालत नाही, त्या वासाने सेल मरतो.
असलं नाजूक प्रकरण,
आणि असलं दांडगं.

ट्रायलची गाडी पांढरी आहे, पाटी लाल.
पहिल्यांदा चालू केली
तेव्हा आम्ही सगळे कान देऊन उभे,
आणि काहीच ऐकू येईना.
सानप सर म्हणाले, चालू आहे ती.
फक्त मागच्या नळीतून
सर्दी झालेल्या पोरासारखं
टिप टिप पाणी.

दातीरमामांनी स्टीलचा पेला धरला खाली.
मामा वॉचमन. ही शेड त्यांच्या चुलत्याच्या
वांग्यांच्या वाफ्यावर उभी आहे,
असं ते कुणालाही पत्ता सांगावा तसं सांगतात.
पेला नाकाशी नेला. मग कुणी हां-हां म्हणायच्या आत
ओठाला.
"चवच नाय गं हर्षाली याला.
गंगेच्या पाण्याला कशी, शेवाळाची का होईना, चव असती.
हे पाणी कुठल्याच गावचं नाय."

सर फळ्यावर गणित मांडतात.
शंभर युनिट वीज घ्या.
पाणी फोडायला गेली तीस,
दाबून भरायला दहा,
मग वाहतूक, मग गाडीत शिरून
पुन्हा तिची वीज करायची, तिथे निम्मी.
चाकापर्यंत पोचली तीस. फार तर.
आणि ती शंभर कुठून आली, सर?
असं मी विचारलं नाही.
एकलहऱ्याच्या चिमण्या इथून दिसत नाहीत,
पण कोणत्या दिशेला आहेत
ते सगळ्यांना ठाऊक आहे.

धाकटा भाऊ पाथर्डी फाट्याला राहतो.
स्कूटर भिंतीला लावतो, मोबाइल लावावा तशी,
आणि घोरत पडतो.
म्हणतो, ताई, तुझ्या गाडीला पंप कुठाय?
खरंच कुठाय?
आमचा गॅस येतो डिझेलच्या ट्रकवर,
घाटात धापा टाकत,
काळा धूर सोडत.
मी त्याला म्हटलं, तुझी स्कूटर ठीक आहे रे.
पण मुंबईहून कसारा चढणारा सोळा चाकी घे.
त्याने माल उचलायचा
की स्वतःची बॅटरीच उचलत बसायचं?
आमची टाकी भरते चहा निवायच्या आत.
तो हसला. मग गप्प झाला थोडा.
आमचे अण्णा त्याच घाटात
वीस वर्षं क्लीनर होते,
शेवटी खोकायचे तेव्हा रुमाल बघायचे.

काल रात्री पावणेतीनला
चार नंबरच्या व्हॉल्व्हपाशी
मोहरीएवढा फुगा आला.
मग वाटाण्याएवढा.
त्यात आख्खी ट्यूबलाइट वाकलेली,
कडेला जांभळं, हिरवं.
लगेच दाब उतरवायचा असतो. नियम आहे.
मी एक श्वासभर थांबले.
इतके महिने जे मी नुसतं गृहीत धरून चालले होते
त्याला पहिल्यांदाच अंग आलं होतं.

फुटला.

दाब उतरवला. पान्याने पाव फेरा.
पुन्हा दाब, पुन्हा साबण, पुन्हा वाट बघणं.
रजिस्टरमध्ये लिहिलं:
गळती नाही. वेळ तीन वाजून दहा.
त्या एका श्वासाला रकाना नव्हता.

सकाळी सुटताना बघते
तर कठड्यावरचा पेला रिकामा.
मामांनी गाडीचं ते बिनगावचं पाणी
केबिनच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत घातलं होतं.
"शुद्धच हाय ना? मग विकतचं कशाला आणायचं?"
वर पंखा फिरत होता, हळू,
आणि मामा त्याच्याखाली
डबा उघडून बसले होते.
वांग्याचं भरीत.