पावाची खूण

मुक्याला जहागीर नाही.
वकिलानं मान हलवली तेव्हाच मला कळलं.
म्हणून गुतिएरेला खेचरावर बसवून
बुर्गोसपलीकडच्या मठात धाडला,
सोबत फीपोटी गव्हाच्या दोन गोण्या.
मला कुणी धाडलं नाही.
मीही बहिरीच; पण माझ्या नावावर
काय चढायचं होतं?

मठात मौनाचं व्रत.
पाद्री जेवताना बोटांनी बोलायचे:
अंगठे-तर्जन्या जुळवून गोल केला की पाव,
तळवा शेपटीसारखा हलला की मासा,
बोट चाटलं की मध.
व्रत त्यांचं,
आणि माहेर सापडलं माझ्या भावाला.

मग फ्राय लेस्मेसनी त्याचा हात
आपल्या गळ्यावर ठेवला.
आत काहीतरी थरथरत होतं,
मांजराच्या पोटासारखं, तो सांगतो.
तीन हिवाळे.
तोंडात चमचा, जिभेला वळण,
भिंतीवर कोळशाची अक्षरं.

न्यायाधीशापुढे एकच वाक्य म्हणाला:
ही जमीन माझी आहे.
बाबांचे डोळे भरून आले.
आवाज कसा होता ते मला विचारू नका.
बाहेरची खेचरं बिचकली, एवढं पाहिलं.

नाताळात सगळे
त्याच्या ओठांकडे बघत जेवले.
त्यानं टेबलाखाली, माझ्या गुडघ्यावर,
अंगठे जुळवून गोल केला.
मी पाव पुढे केला.
त्यानं मान हलवली,
पुन्हा तोच गोल, आता सावकाश.

भूक नव्हती त्याला.
तो मला वाढत होता.

मी हातातली सुरी खाली ठेवली.