राखलेली घागर

वडगावात आमच्याकडे नळ आठवड्यानं येतो.
तांब्याचाही हिशेब ठेवणारी मी.

चहाचं भांडं, दांडी बाहेर,
ठेवलेलं माझ्याच हातानं.
यल्लूनं ओढलं.

मी टूथपेस्ट शोधतेय, सासूबाई म्हणतात शाई लाव,
आणि शेजारची गंगव्वा माग सोडून आत:
"ब्याडा! नीर हाक, नीर!"

आधी त्याचं चांदीचं कडं काढलं तिनं,
मग घागर कलती केली. बारीक धार.
वीस मिनिटं, घड्याळ बघत.
दुसरी घागर. तिसरी.
शनिवारपर्यंतचं पाणी मोरीतून गेलं
आणि मी, देवा, तेवढ्यातही ते मोजत होते.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले,
शाई लावली नाहीत, बरं झालं.

आता दांडी भिंतीकडे.
कोपऱ्यातल्या घागरीला
पाहुणे आले तरी कुणी हात लावत नाही.