तफावत

वर्धा रोडच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यापाशी
मी नेहमीसारखा थांबलो,
कुबडीला पायऱ्यांचा ताल सापडेपर्यंत.
वर कोट एका दांडीवर,
अडतीस, चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस,
सगळ्यांचे खांदे एका पातळीत
परेडला उभे केल्यासारखे.

प्रज्योत नावाचा पोरगा, बोलायला गोड.
"सर, छातीला चव्वेचाळीस लागेल."
लागणारच. चाळीस वर्षं या छातीनंच मला चालवलंय.
चव्वेचाळीस अंगात गेला
आणि कमरेपाशी लोंबत राहिला
रिकाम्या घरातल्या पडद्यासारखा.
चाळीस छातीवर आलाच नाही.
"आल्टरेशन फ्री आहे, सर," तो म्हणाला,
मग तीन आरशांत माझी पाठ बघून
गप्प झाला.
मीही पहिल्यांदाच बघत होतो.
उजवा खांदा कानाशी काहीतरी बोलत होता,
डावा त्या गप्पांत नव्हता.

किंमत मात्र बरी होती. सेल. दोनवर एक फ्री.

पुतणीचं रिसेप्शन सोळा दिवसांवर.
गोळीबार चौकातल्या गल्लीत
रूपराव सोनकुसरेंचं दुकान, दोन मशिनी, एक स्टूल.
ते टेप लावतात, आकडे मोठ्यांदा म्हणतात,
होमेश वहीत उतरवतो.
"छाती चव्वेचाळीस. कंबर तीस.
उजवा खांदा सव्वा इंच वर.
डावा पाय अडतीस. उजवा चाळीस."
कमी म्हणाले नाहीत, खराब म्हणाले नाहीत.
वर, खाली, आत, बाहेर,
एवढेच शब्द लागतात त्यांच्या धंद्याला.

एकोणतीस वर्षं ऑडिटला होतो मी.
शंभर रुपयांची तफावत दिसली
तरी लाल पेन्सिल उचलायचो.
इथे पानभर तफावत,
आणि तिच्याखाली होमेशनं
फक्त ट्रायलची तारीख घातली.

ट्रायलला, कच्च्या टाक्यांत,
आरशात एक सरळ माणूस उभा.
डाव्या खांद्यात कापसाची गादी भरली होती त्यांनी,
न सांगता.
"आता पाहा. म्हणन का कोणी?"
मी पाहिलं.
कोणी म्हणालं नसतं.
आई असती तर तिनंही
या माणसाला हाक मारली नसती.

"मास्टर, हे काढा."
"काहून जी? मंग वाकडं दिसन नं!"
"दिसू द्या."

चष्म्यावरून बघत राहिले. थोडे चिडलेही,
दोन रात्री गेल्या होत्या त्या गादीत.
मग ब्लेडनं शिवण उसवली,
कापूस ओढून काढला
आणि होमेशच्या तळहातावर ठेवला
चिमणीचं घरटं ठेवावं तसा.

"बगलेत मात्र एक काम करतो," म्हणाले.
उजव्या बाजूला, आतून,
कुबडी जिथं घासते नेमकं तिथं
चामड्याचा तुकडा, पोळीच्या घासाएवढा,
अस्तराच्या रंगाचा.
हे मी मागितलं नव्हतं.
हे कोणत्याच दांडीवर टांगलेलं नव्हतं.

शिलाईचे नऊ हजार.
होमेशनं पावती दिली, तिच्यावरही
"उ. खां. सव्वा वर" लिहिलेलं, सवयीनं.

जानेवारीतली थंडी, लॉनवर धुकं,
फोटोग्राफर ओरडला, "काका, खांदा जरा सरळ!"
पुतणी हसली.
मी जागचा हललो नाही.

आता कोट कपाटात असतो.
सरळ हँगरवर तो वाकडा पडतो,
उजवी बाजू उचललेली,
शेजारचे शर्ट काय म्हणतात ते ऐकत असल्यासारखी.
बायको कपाट उघडते, नीट करायला हात घालते,
मग आठवतं तिला.

एप्रिल लागलाय. पंचेचाळीसच्या उन्हात
सूट कोण घालतो इथे?
बगलेतल्या त्या चामड्याला
डांबरगोळ्यांचा वास लागला असेल.