डबल स्टँड

आमच्या धंद्याला इथे जुआ काली म्हणतात,
म्हणजे कडक ऊन.
डोक्यावर पत्रासुद्धा नाही.
किसुमूत, कोंडेलेच्या चौकामागे
एक ग्राइंडर, एक वेल्डिंगचं मशीन
आणि शेजारच्याकडून घेतलेली वीज,
जी मनात येईल तेव्हा जाते.

अकेयो आली ती गाडी ढकलत.
प्रवासी आणि कोबीची पोती वाहून वाहून
मागची सीट खचलेली.
"चेन सुटली?"
"नाही. स्टँड."
आणि गप्प.

बाकीचं कळलं हळूहळू, पाना फिरवता फिरवता.
ती दांड्यावर पाय देते, सगळं वजन टाकते,
सगळं म्हणजे अठ्ठेचाळीस किलो.
गाडी उठल्यासारखं करते आणि परत बसते.
तोवर रांगेतला कोणीतरी उठतो,
"सोड, मी लावतो."
उपकार एवढासा.
पण दिवसातून वीस वेळा घेतला
की पेट्रोलपेक्षा महाग पडतो,
आणि उपकार करणारा
तिचं पुढचं गिऱ्हाईकही उचलतो, त्याच हाताने.

मी स्टँड काढला.
पिनेवर सात वर्षांची माती, ग्रीसचा पत्ता नाही.
हातोडी मारता मारता ओमोंडी म्हणाला,
काका, हे सुटायचं नाही, ह्याला मूळ फुटलंय.

पाय द्यायचा दांडा होता चार बोटं.
सळईचा तुकडा जोडून वीतभर केला.
दांडा लांब की ओझं हलकं,
हे मी शाळेत नाही,
सरोवरावर होड्या ओढताना शिकलो.
वर स्टँडचे पायही कापले, दोन दोन सेंटिमीटर.
गाडी जेवढी कमी उचलायची तेवढं बरं,
असा माझा हिशोब.

तिसऱ्या दिवशी अकेयो परत.
स्टँड लागतो, म्हणाली, टुणकन लागतो.
पण मागचं चाक जमिनीवरच.
चेनला तेल घालायचं तर
गाडी वीतवीत ढकलत अर्धा रस्ता चालायचं.
आणि डावीकडे वळले की दांडा खरवडतो,
ठिणग्या उडतात.
काल मागे पाद्री बसले होते.
ते उतरून चालत गेले.

मी हसलो.
ती हसली नाही.
मग मीही नाही.

त्या दिवशी पैसे घेतले नाहीत.
दांडा दोन बोटं कमी केला, टोक वर वाकवलं,
त्यावर खडबडीत पट्टी, चिखलाची चप्पल घसरू नये म्हणून.
कापलेली उंची परत द्यायची
तर भंगारातल्या जाड पत्र्याच्या दोन चकत्या,
तळहाताएवढ्या, पायांखाली डागल्या.
मागच्या कडा घासून गोल केल्या,
गाडीने चढावं ते घरंगळत.
पिनेच्या नळीला भोक, भोकात ग्रीसचा निपल.
"महिन्याला एकदा पंप मार.
विसरलीस तर ओळख दाखवू नकोस."

चकत्या मी उंचीसाठी लावल्या होत्या, देवाशपथ.
पण बाजारामागची माती काळी, भुसभुशीत.
एका ओल्या रात्री तिथे
रांगेतल्या अकरा गाड्या रुतून कलल्या,
दोन तर एकमेकींच्या गळ्यात.
अकेयोची सरळ उभी.
आता लोक म्हणतात, ह्याने आधीच विचार केला होता.
मी नाही म्हणत नाही.
त्या आठवड्यात चौदा जोड्या चकत्या कापल्या.

काल तिला लांबून पाहिलं.
पाय. टाच. एक श्वास.
मागचं चाक हवेत,
बोटाने फिरवत होती
आणि चेनवर तेल थेंब थेंब.

रांगेतला एकजण सवयीने अर्धा उठला होता.
तसाच वाकून राहिला थोडा वेळ,
मग चपलेतला खडा काढल्यासारखं केलं.