हुद्दा

कोठी कचेरीच्या कंपाउंडला पाठ लावून
माझं टेबल, टाइपरायटर, स्टँपची पेटी.
अच्युत शिरगावकर खुर्चीच्या कडेवरच बसले,
साहेबाच्या टेबलासमोर बसावं तसे.

मुलाने मेलबर्नहून पाठवलेला फॉर्म.
वडिलांचा व्यवसाय, कॅपिटलमध्ये, चौदा चौकोन.
"काय होतात, काका?"
"पाणीपुरवठा. अडतीस वर्षं.
पहाटे चारला रावपुऱ्याचा व्हॉल्व्ह मी उघडायचो."

हे चौकोनांत बसेना.
गव्हर्न्मेंट एम्प्लॉयीसुद्धा मावेना.
मग मी माझा माल मांडला.

सिव्हिल सर्व्हंट :
यातला सिव्हिल बंगल्यात राहतो,
दारात जीप, फाटकावर पाटी,
आणि सर्व्हंट मागच्या क्वार्टरमध्ये.
ब्युरोक्रॅट :
हे स्वतःबद्दल कुणी लिहीत नाही.
फाइल हरवली की पेपरवाले लिहितात.
ऑफिसर :
काकांची मान वर झाली.
"व्याही मिलिटरीतले. ते वाचतील."
मान पुन्हा खाली.
"आणि पेन्शनच्या चोपडीत तसं नाहीये."

राहिला पब्लिक सर्व्हंट.
हा मला कोर्टाच्या कागदांत भेटतो,
लाच घेताना सापडला की.
ते मी बोलले नाही.

"सर्व्हंट म्हणजे नोकरच ना, ताई?"
नोकरच.
"गंमत बघा. नोकरी लागली तेव्हा आईने
दांडिया बाजारात पेढे वाटले.
नोकर म्हणालं असतं कुणी, तर भांडली असती.
त्या एका वेलांटीवर माझं लग्न जमलं."

पणजोबा त्यांचे गायकवाडीत कामदार.
तेव्हा त्या शब्दावर छत्री धरायला माणूस होता.
आता त्याच शब्दाला युनियन आहे, मोर्चा आहे,
आणि छत्री ज्याची त्याने धरायची.

"लोक काय म्हणायचे तुम्हाला?"
जरा वेळ गेला. एक रिक्षा वळली.
"पाणी आलं नाही की सरकार म्हणायचे.
आलं की काहीच नाही."

मी पब्लिक सर्व्हंट लिहिलं.
बरोब्बर चौदा, मधला एक कोरा धरून.
त्या कोऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं.
"इथे कोण?"
कुणी नाही. दोन शब्दांमधली जागा.
"रिक्त पद," म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

तीस रुपये मोजून दिले. पावती मागितली.
माझ्याकडे पावती कुणी मागत नाही.
वहीचं पान फाडून लिहिली :
रक्कम, अक्षरी, तारीख, सही.

चष्मा पुसून त्यांनी ती दोनदा वाचली
आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.
"सहीखाली हुद्दा राहिला, ताई."

सव्वीस वर्षं या भिंतीला पाठ लावून बसलेय.
पेनचं टोपण काढलेलं होतं.
मागचा माणूस खोकला.