पुढील सूचना मिळेपर्यंत

रुवीतली ही बारा मजली इमारत.
साडेसहाला हवा सुटते, सातला दिवे,
संध्याकाळी सहाला सगळं बंद. शुक्र-शनि सुट्टी.
हे मूळ वेळापत्रक, त्याला सहसा कुणी हात लावत नाही.
माझं काम त्याच्या वरच्या थरात:
कधीपासून, कधीपर्यंत, कारण, कोणी सांगितलं.

उद्या रमजान लागला तर नऊ ते तीन.
लागला तर.
बलुशी साहेब दर दहा मिनिटांनी फोन करतात, "दिसला का?"
जणू मी तळघरातल्या या खोलीत
दुर्बीण लावून बसले आहे.
दोन नोंदी तयार ठेवल्यात, एक उद्याची, एक परवाची.
सॉफ्टवेअरला 'बहुधा' कळत नाही.

वाट बघता बघता जुने अपवाद चाळत बसले.
चौथ्यावरचं ऑडिट. संपलं.
शाहीन वादळाचे दोन दिवस. संपले.
मग हा:
सहावा मजला, पूर्व बाजू, रात्री आठ ते दहा,
रविवार ते गुरुवार, चोवीस अंश.
पासून: नऊ वर्षांपूर्वीचा एक जून.
पर्यंत: कोरं.
कारण: पुढील सूचना मिळेपर्यंत.
नोंद: इ. परकार.

परकारमामा! खेडचे. दोन वर्षांपुरते आलेले, एकतीस राहिले.
मला हे सगळं त्यांनीच शिकवलं.
"बाय, शेवटची तारीख भरल्याबिगर सेव्ह करू नको.
तात्पुरतं म्हणून टाकलेलं विसरलं जातं,
मग तेच कायम होतं."

आणि सहाव्याची पूर्व बाजू तर कधीची रिकामी.
रिकाम्या खोलीला रोज दोन तास गार वारा.
हिशेब केला रियालमध्ये, मग सवयीने रुपयांत,
आणि जरा दचकले.
पुसायला कर्सर नेला.
म्हटलं, एकदा वर जाऊन बघावं.

दिवे नव्हते. समोरच्या बँकेच्या पाटीचा हिरवा उजेड
कार्पेटवर, पसरलेल्या वर्तमानपत्रांवर,
सात-आठ जणांच्या लांब केलेल्या पायांवर.
साफसफाईची माणसं. कुणाचे मोजे जाळीखाली वाळत होते.
मोफिजुल धडपडत उठला, हातात अर्धं केळं.
"मॅडम, काम आठला सुटतं. गाडी दहाला येते."
तेवढंच.
मग, मी काही न बोलल्यामुळे असेल,
"परकार चाचा म्हणाले होते, दिवा लावू नका, बाकी बसा."

आता फेब्रुवारी आहे, खिडकी उघडली तरी भागेल.
पण या काचा उघडत नाहीत.
आणि जूनमध्ये इथे रात्री नऊलाही
रस्ता तव्यासारखा असतो.

खाली येता येता लक्षात आलं:
माझी रमजानची नोंद वरच्या थरात बसते.
ती लागली की खालचं सगळं गप्प.
मामा होते तोवर दर वर्षी
तिच्याही वर आणखी एक ठेवत असणार, कुणाला न सांगता.
मामा जाऊन तीन वर्षं झाली.
तीन रमजान ती नोंद मीच लावली. नीट लावली. शाबासकीही घेतली.

परत वर गेले. लिफ्टची वाट पाहिली नाही.
"गेल्या वर्षी रमजानात कुठे बसलात?"
त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.
"जिन्यात, मॅडम. तिथे पण ठीक असतं."
तिथे पंखाही नाही. मला माहीत आहे,
नकाशे माझ्याकडेच आहेत.

फोन वाजला तेव्हा मी टाइप करत होते.
"दिसला! उद्यापासून. सगळं तयार?"
"एक राहिलंय," म्हटलं, "दोन मिनिटं द्या."
सहावा मजला, पूर्व बाजू. अग्रक्रम: सर्वांत वर.
रमजानात काम पाचला सुटेल, गाडी मात्र दहालाच;
म्हणून पाच ते दहा.
पर्यंत: ईदचा आदला दिवस. तारीख भरली, मामा.
मागची कोरी जागाही भरली, तीस सप्टेंबर,
म्हणजे तेव्हा कुणाला तरी
वर जाऊन बघावं लागेल.
कारणाच्या रकान्यात
बराच वेळ काही सुचेना.
मग लिहिलं: बस.